महागाई धरली तर गेम स्वस्तच झालेत, मग खिशाला चाट का बसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लहानपणी ५० डॉलरला आख्खा गेम मिळायचा, आता ७० हा नेहमीचा भाव झालाय, निन्टेन्डोचा 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा रेसिंगचा गेम तर ८० ला आला, आणि मित्र म्हणतो महागाई धरलीस तर उलट स्वस्त झालंय, उगाच रडू नकोस. तुम्हाला ते पटत नाहीये पण त्याचं नेमकं कुठे चुकतंय हेही सांगता येत नाहीये. आणि शेवटी, मित्रांसोबत खेळायला हा ८० वाला गेम घ्यावा का.

आधीच सांगतो, मी विकणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे. बरीच वर्षं एका पब्लिशरकडे (गेमला पैसा लावून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीत) होतो, आता छोट्या स्टुडिओत आहे आणि गेमची किंमत ठरवणं, सेल कधी आणि किती टक्के लावायचा, हे सगळं माझ्याच गळ्यात असतं. तेव्हा विकणाऱ्याच्या तोंडून ऐकताय हे लक्षात ठेवून वाचा.

माझ्या मते तुमचा मित्र आकड्यांत चुकत नाहीये, तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय. तो बघतोय स्टिकरवरचा आकडा, आणि तुम्हाला खटकतंय ते त्या आकड्याच्या बदल्यात पदरात काय पडतं ते. आणि "मला परवडतं का" हा तिसराच प्रश्न, तो मध्ये घुसला की वाद संपतच नाही.

मित्राचं गणित आधी बघू. १९९० मध्ये अमेरिकेत एनईएसचा (निन्टेन्डोच्या तेव्हाच्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनचा) नवा गेम साधारण ५० डॉलरला असायचा, तिथल्या ग्राहक किंमत निर्देशांकाने तो आकडा २०२४ मध्ये आणला तर १२० च्या आसपास जातो. १९९५ चा 'क्रोनो ट्रिगर' ८० च्या घरात विकला जायचा, त्याचे आजचे १६० च्या वर होतात. पुढे सोनीचं पीएस टू (प्लेस्टेशन टू), मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स या काळात ५० वर भाव स्थिरावला, २००५ च्या शेवटी एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा ६० झाला (ते आजचे ९५ धरा), आणि मग जवळपास १५ वर्षं कोणी तो आकडा हलवलाच नाही. २०२० मध्ये 'एनबीए टू-के २१' ची नव्या कन्सोलची आवृत्ती ७० ला जाहीर झाली, सोनीने पीएस फाइव्हच्या मोठ्या गेम्सना तोच भाव लावला, निन्टेन्डो २०२३ मध्ये 'टिअर्स ऑफ द किंगडम'च्या वेळी ७० वर आली आणि २०२५ मध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ला ८०. म्हणजे आजचे ८० सुद्धा २००५ च्या ६० पेक्षा कमीच. इथपर्यंत मित्र जिंकला.

पण या गणितात दोन भोकं आहेत. एक म्हणजे निर्देशांक ही सरासरी असते. सगळ्या वस्तूंची, सगळ्या घरांची. ज्याचा पगार महागाईच्या बरोबरीने वाढला त्याला गेम खरंच स्वस्त पडतो, ज्याचा पगार तिथेच राहिला आणि घरभाडं मात्र दुप्पट झालं त्याला तो महागच वाटणार आणि त्याचं वाटणं खोटं नाही, कारण गेम घ्यायचा तो भाडं, वीज, किराणा भागवून उरलेल्या पैशांतून. त्यात अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला डॉलरचा भाव आडवा येतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीमने (कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरने) अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात स्थानिक चलन बंद करून डॉलरमध्ये किंमती लावल्या, तिथल्या खेळाडूंना बरेच गेम एका रात्रीत कितीतरी पट महाग झाले, त्यांना अमेरिकेतला निर्देशांक दाखवून काय उपयोग.

दुसरं भोक जास्त महत्त्वाचं आहे. "तेव्हा ५० होते" म्हणताना आपण धरून चालतो की ते ५० आणि आजचे ७० एकाच गोष्टीसाठी होते. तसं नव्हतं.

त्या काळातली कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी, ही खरीखुरी इलेक्ट्रॉनिक वस्तू होती, आत गेम साठवलेली रॉम चिप, गेम सेव्ह व्हायला हवा तर वेगळी मेमरी आणि बॅटरी, आणि 'स्टार फॉक्स'सारख्या गेमला थ्रीडी जमावं म्हणून कार्ट्रिजमध्येच एक जादा प्रोसेसर. गेम जेवढा मोठा तेवढी चिप मोठी आणि तेवढी किंमत जास्त, म्हणूनच तर १९९० च्या दशकात एकाच कन्सोलवर ३० डॉलरपासून ८० पर्यंत सगळे भाव दिसायचे, "तेव्हा सगळे ५० ला होते" ही आठवणीतली सरासरी आहे. शिवाय निन्टेन्डोच्या कन्सोलवर गेम काढायचा तर कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या, ठरावीक संख्येच्या खाली ऑर्डर नाही, पैसे आधी मोजायचे, आणि माल पडून राहिला तर तो पब्लिशरच्या बोकांडी. हा सगळा धोका किंमतीत मिसळलेला असायचा, त्यावर दुकानदाराचं मार्जिन वेगळं. थोडक्यात तुमच्या ५० डॉलरमधला मोठा हिस्सा गेम बनवणाऱ्याकडे जातच नव्हता, तो प्लास्टिक, सिलिकॉन, परवाना, ट्रक आणि दुकानाच्या फळीवर जायचा.

मग प्लेस्टेशन सीडी घेऊन आलं. सीडी छापायला कार्ट्रिजच्या मानाने नगण्य खर्च, आणि कमी पडल्या तर पटकन परत छापता येतात. लगेच भाव ४०-५० वर उतरले आणि जुने गाजलेले गेम 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणून २०-२५ ला मिळायला लागले, त्याच वेळी निन्टेन्डो ६४ कार्ट्रिजवरच अडून राहिल्याने तिकडे ६०-७० मोजावे लागत होते. वस्तू स्वस्त झाली आणि तो फायदा खरंच गिऱ्हाईकापर्यंत पोचला, असं ठळकपणे त्या एकाच वेळी दिसलं.

कारण पुढे जेव्हा डिस्कही गेली, डबा गेला, माहितीपुस्तिका गेली, ट्रक आणि गोदाम गेलं, दुकानदार गेला आणि सगळं डाउनलोडवर आलं, तेव्हा भाव एका सेंटने खाली आला नाही! तुमच्या मनात जी चीड आहे ना, ती इथे रास्त आहे. पब्लिशरमधली मंडळी सांगतील की दुकानदाराची जागा ऑनलाइन स्टोअरने घेतली आणि ते स्टोअर ३० टक्के कापतं. खरं आहे, ३० टक्के हा नेहमीचा दर आहे. पण स्टीमवर २०१८ पासून एखाद्या गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली की त्यापुढच्या विक्रीवर २५ टक्के, ५ कोटींच्या वर गेली की २० टक्के, म्हणजे सवलत मोठ्यांना आणि पूर्ण ३० आमच्यासारख्या छोट्यांना. एपिक ही 'फोर्टनाइट'वाली कंपनी त्याच वर्षी १२ टक्क्यांवर स्वतःचं स्टोअर घेऊन उतरली, तरी एखादा अपवाद सोडला तर तिथे नवे मोठे गेम काही स्वस्तात विकले गेले नाहीत. वाचलेला पैसा पब्लिशरनेच ठेवला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ठेवला असता, पण मग गिऱ्हाईकाला "आमचा खर्च बघा हो" म्हणून सांगायला जाऊ नये.

आता खर्चाबद्दल. मोठ्या गेमचा खर्च भयंकर वाढलाय यात शंका नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या खटल्यात सोनीने दिलेल्या कागदांवर गोपनीय आकडे झाकायची काळी पट्टी नीट मारली गेली नव्हती, त्यातून कळलं की 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'ला साधारण २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटींच्या वर खर्च आला होता. शेकडो माणसं चारपाच वर्षं राबतात, पगार हाच मुख्य खर्च, त्यात ढिलाई झाली की आकडा फुगतच जातो.

पण खर्चाच्या बाजूचं बोलताना गिऱ्हाईकांची संख्या सांगायला सगळे सोयीस्करपणे विसरतात. पहिला 'सुपर मारिओ कार्ट' १९९२ चा, तो ८७ लाखांच्या वर विकला गेला. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' २०१७ मध्ये ६० डॉलरला आला आणि साडेसहा कोटींच्या पुढे गेला. सॉफ्टवेअरची पुढची प्रत बनवायला जवळपास काहीच लागत नाही, तेव्हा खर्च दहापट झाला आणि गिऱ्हाईकंही सातआठपट झाली तर प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च काही आकाशाला भिडत नाही. अर्थात हे जिंकलेल्यांचं उदाहरण झालं. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २०२४ च्या ऑगस्टमध्ये ४० डॉलरला आला आणि दोन आठवड्यांत सगळ्यांना पैसे परत करून बंद झाला, त्याचा खर्च कोणाच्याच वाट्याला वाटता आला नाही, तो पब्लिशरने गिळला. म्हणजे हिट गेमच्या किंमतीत पडलेल्या गेम्सचा खर्चही भरलेला असतो, ही गोष्ट मात्र १९९० मध्येही अशीच होती.

आणि एक गोष्ट जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. किंमत खर्चावरून ठरतच नाही. मी किंमत ठरवायला बसतो तेव्हा समोर खर्चाची शीट नसते, कारण तो पैसा तोवर संपलेला असतो. मी बघतो की आमच्यासारखे गेम कितीला आहेत, त्या प्रकारच्या खेळाडूला किती मोजायची सवय आहे, १८ आणि २० यात विक्री कितपत हलेल, पहिल्या आठवड्यात १० टक्के सूट लावायची का, आणि मुख्य म्हणजे पुढची तीनचार वर्षं सेलमध्ये खाली यायला किती जागा ठेवायची. ही शेवटची बाब फार मोठी आहे. आज लिस्ट प्राइस (जाहीर केलेली मूळ किंमत) म्हणजे वरची मर्यादा आहे, सगळे तेवढे देतील अशी कोणाचीच अपेक्षा नसते. पहिल्या दिवशी घेणारा ७०, सहा महिन्यांनी ४५-५०, दोन वर्षांनी २०, आणि मग कुठल्यातरी बंडलमध्ये, म्हणजे बऱ्याच गेमच्या गठ्ठ्यात, ५. विमानाच्या तिकिटासारखंच, शेजारच्या सीटवरच्याने किती दिले विचारायचं नाही.

आमच्या २० डॉलरच्या गेमचं समजा म्हणून सांगतो, आकडे गोल केलेत. वेगवेगळ्या देशांतल्या कमी किंमती आणि सेल धरून दर प्रतीमागे सरासरी १२ डॉलर येतात, त्यातून कर आणि रिफंड गेले की १० उरतात, स्टोअरचे ३ गेले, उरले ७, आणि पब्लिशर असेल तर त्या ७ मधून आधी त्याची गुंतवणूक वसूल होणार आणि नंतर वाटणी. म्हणून जेव्हा कोणी लिहितं की "२० डॉलर गुणिले एवढ्या प्रती, हे लोक कोट्यधीश झाले" तेव्हा मला हसू येतं.

या सेलच्या पद्धतीमुळे थांबू शकणाऱ्या माणसासाठी आजच्याइतका स्वस्त काळ कधीच नव्हता. पूर्वीही भाव पडायचे, १९८३ ला अमेरिकेतला बाजार कोसळला तेव्हा ३०-४० डॉलरच्या अटारी कार्ट्रिज दुकानदारांनी ढिगात टाकून कवडीमोलाने विकल्या, पण ते संकट होतं. आज भाव उतरवणं हा आमच्या वर्षाच्या प्लॅनिंगचा भाग आहे. याला अपवाद निन्टेन्डो. त्यांचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं जवळपास मूळ भावालाच राहतात, म्हणून तिथले ८० हे दुसऱ्यांच्या ८० पेक्षा जास्त खरे असतात.

आता जो भाग स्टिकरवर नसतोच. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोकांनी खिल्ली उडवली होती. आज अडीच डॉलरला काही दिसलं तर लोक म्हणतील वा, स्वस्त आहे. डिलक्स एडिशन, सीझन पास (पुढे येणाऱ्या जादा भागांचे आगाऊ पैसे), बॅटल पास (खेळत गेलं की बक्षिसं उघडणारा पास), तीन दिवस आधी खेळायला मिळावं म्हणून ३० डॉलर जादा, आणि सगळ्यात मला न आवडणारी गोष्ट म्हणजे गेममधलं खोटं चलन. स्किन (पात्राचा नवा पोशाख) १२०० नाण्यांना, आणि नाणी मिळणार १००० किंवा २५०० च्या पॅकमध्ये, म्हणजे नेहमी काहीतरी उरणार नाहीतर कमी पडणार, आणि खरा खर्च डॉलरमध्ये किती हे डोक्यात बसणार नाही. हे अपघाताने होत नाही, अशा मीटिंगमध्ये मी बसलेलो आहे. माझ्या दृष्टीने इथे खरोखर अन्याय आहे. ७० डॉलर उघडपणे मागणारा मला चालतो, पण आकडा धूसर करून मागणारा नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे टाकून नशीब आजमावायच्या लूट बॉक्सना जुगारात धरलं, ते मला पटतं.

गंमत अशी की याच पद्धतीमुळे 'फोर्टनाइट'सारखे गेम फुकट आहेत. एक मुलगा वर्षानुवर्षं एक पैसा न देता खेळतो आणि दुसरा महिन्याला शंभर घालवतो, आणि दुसऱ्याच्या जिवावर पहिला खेळतो. म्हणून "गेमिंगवर लोक सरासरी किती खर्च करतात" हा आकडा कोणी दिला की मी तो बाजूला ठेवतो, त्या सरासरीत बसणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मालकीचा मुद्दा मात्र माझ्या मते सगळ्यात जड आहे. ५० डॉलरची कार्ट्रिज तुमची होती. खेळून झाली की २० ला विकली, म्हणजे खरा खर्च ३०. मित्राला दिली, त्याची घेतली, दोघांना दोन गेम एका गेमच्या पैशात. अमेरिकेत तर भाड्याने न्यायचीही सोय होती, दोनतीन डॉलरमध्ये शनिवार-रविवार निघायचा. आजचा ७० चा डिजिटल गेम विकता येत नाही, बहुतेक ठिकाणी उसना देता येत नाही, म्हणजे ७० चे ७० गेले. महागाईच्या गणितात ही वजाबाकी धरा आणि मग बघा मित्राची आघाडी किती उरते. तुम्ही पाच गेम घेऊन पाचही विकणारे असाल तर जुना काळ तुम्हाला जवळपास आजच्याच भावात पडत होता. कधी काही विकलंच नसेल, सगळं कपाटात जपून ठेवलं असेल, तर आज स्वस्त. माणसागणिक उत्तर बदलतं ते इथे.

आणि "तुमचा" म्हणून घेतलेला गेम उद्या चालेल याचीही हमी नाही. युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा रेसिंगचा गेम, २०२४ च्या मार्चअखेर सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवरच टांगलेला असल्यामुळे पैसे मोजलेला आख्खा गेम गेला, डिस्क असली तरी. त्यावरून युरोपात सह्यांची मोठी मोहीम झाली, २०२५ च्या जुलैमध्ये ती १० लाखांच्या वर गेली. कॅलिफोर्नियाने कायदा केला, जानेवारी २०२५ पासून लागू, की डिजिटल वस्तू विकताना तुम्ही फक्त परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट लिहा. स्टीमच्या चेकआउटवर ती ओळ आता दिसते. लोकांना ती वाचून धक्का बसला, आम्हाला नाही बसला कारण अटींच्या पानांमध्ये ते पहिल्यापासून लिहिलेलंच होतं, फक्त कोणी वाचत नव्हतं.

तरी जुना काळ म्हणजे सोनं असंही नाही हां. तेव्हा गेम घ्यायचा तो डब्यावरचं चित्र बघून. आत काय निघेल देवाला माहीत, आणि दुकान उघडलेला डबा परत घेत नसे. आज विकत घेण्याआधी तासभराचं फुटेज बघता येतं, हजारो लोकांची मतं वाचता येतात, आणि स्टीमवर २०१५ पासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. या सोयीची किंमत कोणी धरत नाही पण ती मोठी आहे, फसलेल्या खरेदीचा खर्च जवळपास शून्यावर आलाय. बरेच जुने गेम छोटे होते आणि मुद्दाम अवघड केलेले होते, म्हणजे एका वीकेंडच्या भाड्यात संपू नयेत. आणि कंपन्या तेव्हा साध्याभोळ्या होत्या अशातलाही भाग नाही. १९९१ मध्ये निन्टेन्डोवर अमेरिकेत आरोप होता की दुकानदारांनी कन्सोलचा भाव उतरवू नये म्हणून ती दबाव टाकते, शेवटी तडजोडीत गिऱ्हाईकांना ५ डॉलरची कुपन्स वाटली. पुढचा गेम निन्टेन्डोचाच घेण्यासाठी!

एका डॉलरला किती तास, हे माप लोक फार वापरतात, मला ते अजिबात आवडत नाही. त्याच मापाने स्टुडिओंना शंभर तासांचं भरताड भरायची सवय लागली, नकाशावर दोनशे खुणा आणि सगळीकडे तेच काम. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसाने बनवला, २०१६ पासून १५ डॉलरवरच आहे आणि वरून मोठमोठे अपडेट फुकट. 'सिल्कसॉन्ग' २०२५ मध्ये २० ला आला आणि पहिल्याच दिवशी गर्दीने स्टोअर्स बसली. 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपीडिशन ३३' ५० ला. यांच्यामुळे आमच्यासारख्यांची गोचीही होते बरं का, २० ला 'सिल्कसॉन्ग' मिळतो म्हटल्यावर आमच्या गेमचे २५ कोण देणार असा प्रश्न आमच्या ऑफिसात खरोखर आला होता. पण तुमच्यासाठी हे चांगलं आहे, कारण ८० च्या समोर ठेवायला दुसरं काहीतरी आहे.

आणि भाव आपोआप वर जातात असंही समजू नका. मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं की वर्षअखेरचे काही मोठे गेम ८० ला येतील, 'द आउटर वर्ल्ड्स २' ची तशी किंमत लागलीही, लोक खवळले, आणि जुलैमध्ये परत ७०. दोन महिन्यांत खर्च थोडाच १० डॉलरने कमी झाला? गिऱ्हाईक कुठपर्यंत येतं ते चाचपून बघितलं, नाही आलं, मागे घेतलं. त्यांनीच मग ऑक्टोबरमध्ये गेम पास या मासिक सबस्क्रिप्शनचा वरचा प्लॅन २० चा ३० केला. सबस्क्रिप्शन घेणाऱ्यांनी एवढंच करावं, गेल्या वर्षात त्यातले किती गेम शेवटपर्यंत खेळलो ते मोजावं आणि बारा महिन्यांच्या पैशांना त्या संख्येने भागावं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना तेवढ्यात ते गेम सेलमध्ये विकत मिळाले असते, आणि काहींना मात्र खरंच फायद्याचं पडतं, विशेषतः घरात दोनतीन मुलं वेगवेगळं खेळणारी असली तर.

आता तुमच्या ८० च्या गेमबद्दल. एकट्याने खेळायचा कथेचा गेम असता आणि पब्लिशर दुसरा कोणी असता, तर मी डोळे झाकून म्हटलं असतं वर्षभर थांबा, अर्ध्या भावात आणि बग काढलेला मिळेल. पण हा निन्टेन्डोचा आहे, थांबून फार काही उतरेल असं वाटत नाही, आणि सोबत खेळणारे मित्र आत्ता आहेत, दोन वर्षांनी ते दुसरं काही खेळत असतील. त्याला लागणारं स्विच टू हे कन्सोल अजून घेतलं नसेल तर गेम सुटा घेऊच नका, अमेरिकेत कन्सोल ४५० आणि गेमसकटचा बंडल ५०० ला निघाला होता, म्हणजे तोच ८० चा गेम ५० ला पडत होता, तसा बंडल अजून मिळतोय का ते आधी बघा. कन्सोल आधीच असेल तर कार्ड (म्हणजे आजची कार्ट्रिज) घ्यायचं की डाउनलोड हा प्रश्न आहे. युरोपात कार्ड डाउनलोडपेक्षा १० युरोने महाग ठेवलंय, तरी तुम्ही गेम विकणारे असाल तर मी कार्डच घ्या म्हणेन, ते १० विकताना वसूल होतात. फक्त स्विच टूचे दुसरे गेम घेताना डब्यावर 'गेम-की कार्ड' लिहिलंय का बघा, तसं असेल तर कार्डात गेम नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते. विकता येते, पण सर्व्हर चालू आहे तोवरच.